दाराशी उभी असलेली आई

माझी लेक तीन महिन्यांची असताना तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. त्यांच्याबरोबर डोळ्यांतली भिंगंही गेली. कृत्रिम भिंग आत बसवायला डोळे फार लहान, म्हणून वरून कॉन्टॅक्ट लेन्स. "याच महिन्यांत डोळे बघायला शिकतात. आता राहिलं ते राहिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या एका वाक्याने माझी झोप उडाली.

हडपसरच्या आमच्या घरात रोज सकाळी झटापट चाले. नवरा लेकीचं डोकं धरायचा, मी पापण्या फाकवून बोटावरची लेन्स डोळ्यात सरकवायची. ती किंचाळून लालबुंद व्हायची. लेन्स कधी गालावर, कधी दुपट्यावर. एकदा तर माझ्या बांगडीला चिकटलेली सापडली. मी घामाघूम होऊन उठले की सासूबाई तिला उचलायच्या आणि ती लगेच गप्प. मला त्याचाही राग यायचा.

एकदा लेन्स धुरकट दिसल्या. कितीही धुतल्या तरी तेलकटपणा जाईना. डॉक्टरीणबाईंनी त्या उजेडात धरल्या.

"अहो, या लेन्स आहेत, कंदिलाच्या काचा नव्हेत. काजळ कोणी घातलं?"

घरी येऊन मी सासूबाईंवर ओरडले.

"आगं, येकच बोट लावलं," त्या म्हणाल्या. "लेकराचं डोळं उघडंबोडकं दिसत हुतं. कुनाची नजर लागली म्हंजी?"

"आई, आधी तिला दिसू तर द्या!"

नव्या लेन्स यायला पंधरा दिवस लागले. तेवढे दिवस लेक कुठेतरी भिंतीकडे डोळे लावून पडलेली असायची आणि मी चरफडत घरभर फिरायची. सासूबाईंनी काजळाची डबी मुकाट्याने फेकून दिली. मी त्यांच्याशी धड बोललेही नाही.

पुढे दोन महिन्यांनी तपासणी होती. लेक सासूबाईंच्या मांडीवर. नुसत्या नजरेने ओळखते का बघायला डॉक्टरीणबाईंनी मला दाराशी उभं केलं. बोलायचं नाही, बांगड्यासुद्धा वाजू द्यायच्या नाहीत. लेकीची नजर खोलीभर फिरली, माझ्यापाशी आली आणि थांबली. तिने ओठ काढला, दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि आजीच्या पदरात तोंड खुपसलं.

"वा! इतक्या लांबून ओळखते की," डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

एवढा जीव आटवला होता तो याचसाठी. तिला मी दिसले होते, आणि मी तिला नको होते.