गळकी कुंडी

आमच्या मांडवीच्या घराच्या गच्चीवर दुपार कलताना एक वेळ अशी येते, की समुद्र आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली जाते. सगळं फिकट निळं होतं. दोरीवरचे चिमटेसुद्धा पाण्यावर तरंगत असल्यासारखे वाटतात. मी शाळेत शिकवून घरी येते, चहा घेऊन वर जाते आणि त्या निळ्यात बसून काहीही करत नाही. आई म्हणते, हिला तंद्री लागली की हिच्यासमोरून हत्ती न्या. त्या वर्षी पाऊस सरल्यावर माझ्या या तंद्रीत बाबा येऊन बसायला लागले.

बाबा आयुष्यभर बोटीवर होते. मोठमोठी मालवाहू जहाजं, पण आमच्याकडे सगळ्याला बोटच म्हणतात. ते सुट्टीवर आले की घरात पाहुणा आल्यासारखं व्हायचं. आमचे आवाज खाली यायचे, चांगली ताटं निघायची, आणि त्यांना चहा फुलाफुलांच्या कपबशीतून मिळायचा. आम्ही आपले कान तुटलेल्या कपांचे धनी. आईने कपाटातला खालचा खण त्यांच्यासाठी रिकामा ठेवला होता, पण त्यांनी तो कधी वापरला नाही. त्यांची कॅनव्हासची पिशवी पलंगाखाली असायची. कपडे तिच्यातून निघायचे आणि धुऊन, घडी होऊन तिच्यातच परत जायचे. ते निवृत्त होऊन घरी आले तरी पिशवी तिथेच राहिली. केर काढताना आई ती झाडूने बाजूला सारायची.

मग वहिनीच्या बाळंतपणासाठी आई मुंबईला निघाली. रिक्षा दारात उभी होती. गच्चीची किल्ली ती माझ्याकडे देईल म्हणून मी हात पुढे केला, तर तिने ती बाबांच्या हातात ठेवली.

"झाडं जगवलीत," ती त्यांना म्हणाली, "तर मी म्हणेन, घरी आलात."

ती हसत म्हणाली. मीही हसले. बाबा मात्र हसले नाहीत.

गच्चीवर आईची अबोली होती, जास्वंद होती, कढीलिंब होता. पण तिचा जीव होता मदनबाणावर. गुहागरला तिच्या माहेरी आगरात विहिरीजवळ मदनबाण आहे, त्याची फांदी आणून तिने लावली होती. त्याचं फूल उमललं की ती ते केसांत माळायची आणि मग दिवसभर तिचं बोलणंही जरा गोड असायचं. आम्ही भावंडं त्या दिवशी काय हवं ते मागून घ्यायचो.

कुंड्यांना पाणी घातलं की खालून लाल पाणी यायचं आणि पांढऱ्या गच्चीवर ओघळ उठायचे. आई खराटा घेऊन ते घासायची आणि करवादायची. बाबांनी सुट्टीत हे कितीदा तरी पाहिलं होतं. आई परत येईल तेव्हा तिला लखलखीत गच्ची दाखवायची, असं त्यांनी ठरवलं आणि सुरुवात मदनबाणापासून केली. बोटीवर एकच शिकवण असते, नको तिथून पाणी आलं की बोट गेली. त्यांनी कुंडीचं भोक सिमेंटने बुजवलं. आईने भरलेलं मिश्रण त्यांना कचरा वाटलं. त्यात नारळाच्या सोडणांचे तुकडे काय, गळलेल्या पानांचा कुजका पातेरा काय. ते सगळं त्यांनी फेकून दिलं, घरामागच्या परड्यातली लाल माती चाळून आणली आणि झाड त्यात लावून ती बत्त्याने ठोकून ठोकून बसवली. वादळात माल हलू नये म्हणून जशी बांधाबांध करतात, तशी. कुंडी दिसायला देखणी झाली. खाली एक थेंब नाही.

थोड्याच दिवसांत मदनबाण मान टाकायला लागला. पानं कोमेजलेली बघून बाबांनी आणखी पाणी घातलं. आणखी कोमेजली, आणखी पाणी. आईचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने झाडं दाखवा म्हटलं की बाबा शांतपणे फोन समुद्राकडे फिरवायचे. "बघ, आज किती बोटी लागल्यात," असं सांगायचे. आई बिचारी बोटी बघायची.

शेवटी एका दुपारी आम्ही दोघांनी झाड उपटून काढलं. माती विटेसारखी झाली होती, आणि तळाशी पाणी साचलेलं. ओहोटीला खाडीच्या चिखलाला येतो तसा वास आला. मुळं काळी, बोट लावलं की साल निघून येत होती. बाबा ते झाड मांडीवर घेऊन बसले. निळी वेळ झाली होती आणि मला वाटलं, आम्ही गच्चीसकट हळूहळू कुठेतरी वाहत चाललोय आणि कुणालाच वल्ही मारता येत नाहीत.

"आयशीला सांगू नको हां गो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बोटीवर मला एवढी भीती कधी वाटली नाय."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

मग मीच अबोलीची जुनी कुंडी ओढली आणि हातावर उलटी केली. वाटीतून सांदण निघावं तसा आतला गोळा अखंड बाहेर आला. भोकावर कौलाचा तुकडा होता, पण तोही सैल, पाण्याला वाट राहील असा. वर सोडणांचे चिरलेले तुकडे, कुजून काळा झालेला आंब्याचा पातेरा, भाताचं तूस, जुनं शेणखत, आणि लाल माती अगदी चवीपुरती. या सगळ्याच्या फटींतून पांढरी मुळं मजेत हिंडत होती. मी गोळा दाबला, तर तो दबला आणि पुन्हा फुगला. आम्ही दोघं बघतच राहिलो. इतकी वर्षं आई कुंडीत माती थोडी आणि मोकळी जागा जास्त भरत होती. जमिनीतली माती गांडुळं सैल करतात, पाऊस तिला खोल वाट देतो; कुंडीत बिचारीला जायला जागाच नाही. ती मोकळी जागा आपणच करून द्यावी लागते.

अबोली आम्ही जपून परत ठेवली. बाबांनी गिरमिट घेऊन सिमेंट फोडलं. मी मदनबाणाची काळी मुळं कापली, फांद्या छाटल्या. उरलं ते बोटभर खोड. त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवलं.

पातेरा परड्यात होताच. सोडणं मी खाडीच्या कडेला काथ्यासाठी भिजत घातलेल्यांतली आणली, मऊ झालेली, कुटायला सोपी. मी ती कुंडीत घालणार इतक्यात बाबांनी एक धागा उचलून जिभेवर ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "ह्यात समुद्र हाय."

मी चाखलं, मला नुसता काथ्या लागला. पण त्यांच्या जिभेने सगळ्या बंदरांचं खारं पाणी ओळखलं होतं. ती सोडणं तशीच घातली असती तर उरलेली मुळंही करपली असती. मग बाबांनी काथ्या विहिरीच्या पाण्यात भिजवला, पिळला, चाखला, पुन्हा भिजवला. दुपारमागून दुपार तेच. मी माझ्या निळ्यात बसायची आणि ते टबाशी उकिडवे बसून समुद्र धुऊन काढत असायचे. मला ते खूप आवडले तेव्हा. इतके दिवस माझे बाबा म्हणून आवडायचे, तेव्हा एक माणूस म्हणून आवडले. जिभेला काहीच लागेना तेव्हा त्यांनी काथ्या उन्हात वाळवला, कुंडीपुरता पातेऱ्यात मिसळून मदनबाण त्यात लावला आणि उरलेला ठेवायला खालून काहीतरी आणून खिळ्याला टांगलं. काय आणलं ते मी पाहिलं नाही. तंद्रीत होते.

आई आली ती प्रवासाची साडीही न बदलता वर आली. मदनबाण वीतभर होता, फूल नाही, पण वर कोवळी पानं फुटली होती. बाबांनी सगळं स्वतःच सांगितलं, सिमेंटसकट. आईने ऐकून घेतलं, मातीत बोट खुपसून पाहिलं, कुंडी उचलून वजन पाहिलं, मग तांब्याभर पाणी घातलं. क्षणभराने खालून लाल ओघळ निघाला आणि पांढऱ्या गच्चीवर वळणं घेत गेला. बाबांचा हात फडक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

तेवढ्यात आईला खिळ्याला टांगलेली कॅनव्हासची पिशवी दिसली. तिने आत हात घातला, तर मूठभर काथ्या बाहेर आला.

"ह्यातलं सामान कुठे गेलं?"

"कपाटात," बाबा म्हणाले. "खालच्या खणात."

आई जिना उतरली. कपाटाचं दार कुरकुरल्याचं वर ऐकू आलं. मग भांड्यांचा आवाज.

ती चहा घेऊन वर आली. आणि बाबांना त्या दिवशी पहिल्यांदा कान तुटलेल्या कपात चहा मिळाला.