पाच नंबरचा ब्राउझर आणि आबांचा फोन

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. काउंटरमागे गप्प बसायचं आणि मोठ्या माणसांना बोलू द्यायचं. महिन्याभरात पोतं भरतं!

मी धुळ्याचं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं आणि जळगावात नानांच्या इंटरनेट सेंटरवर बसलो. नाना माझ्या वडिलांचे मावसभाऊ. त्यांचे थोरले भाऊ आबा. दोघांचा धंदा केळीच्या गाड्या भरायचा. पुढे केळीचं ऑफिस, मागच्या खोलीत आमचे तीन कॉम्प्युटर आणि दोन्हीकडे मिळून फोनची एकच लाइन.

जागा आबांची. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, सेंटरनं काही करून दाखवलं नाही, तर कॉम्प्युटर विकायचे, तिथे ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकायचं आणि मला परत धुळ्याला कॉलेजात धाडायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. मला विचारून नाही, अर्थात!

*

ब्राउझर म्हणजे ज्यातून इंटरनेट दिसतं तो प्रोग्रॅम. आमच्याकडे चौथं व्हर्जन होतं. पाचवं निघालं, म्हणून मी ते फोन लाइनवरून उतरवायला घेतलं. अर्धा दिवस लागणार होता.

थोडं उतरलं की पुढच्या ऑफिसात आबा रिसीव्हर उचलायचे. मोडेमचा तो चिरका आवाज त्यांच्या कानात. “हॅलो! हॅलो! कोन रडस तठे?” लाइन तुटायची, मी पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्यांदा मी मागून ओरडलो, “आबा, फोन ठेवा!”

आबा शांतपणे म्हणाले, “ठेवीच राह्यनू ना!”

*

शेवटी मुंबईच्या एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर पाच नंबरची सीडी आली. मी ती घालत होतो आणि आबा मागे उभे.

“चार नंबरले काय व्हयेल व्हतं?”

“काही नाही. ह्यात नवीन फीचर्स आहेत.”

“काही व्हयेल नव्हतं तं बदलस कसाले?”

मी पण ऐकून घेत नाही. म्हटलं, “तुम्ही चांगली चालणारी जीप का बदलली?”

आबा म्हणाले, “जीप गावले दिसस. हाई कोनले दिसस?”

*

पाच नंबरमध्ये एक गंमत होती. पत्त्याची दोन अक्षरं टाइप केली की आधी उघडलेले पत्ते तो स्वतःच पुरे करून दाखवायचा. नानांना दाखवलं. नाना जरा मागे सरकले.

“मला काय म्हणायचंय ते ह्याला आधीच कळतं?”

“अंदाज करतो. कधीकधी चुकतो.”

नानांनी पुढच्या ऑफिसाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आबा पण माझं वाक्य असंच पुरं करतात. पण ते दर वेळी चुकतात!”

*

दुसरं फीचर पासवर्डचं. ब्राउझर विचारायचा, पासवर्ड लक्षात ठेवू का?

आमच्याकडे एक प्राध्यापक यायचे. पोरांनी गाव सोडू नये, मातीची सेवा करावी, हे त्यांचं ठरलेलं भाषण. मलाही दोनदा ऐकवलेलं. ब्राउझरनं विचारलं, तर सर म्हणाले, “ठेव म्हणावं! माझ्या तरी कुठे लक्षात राहतो?”

दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर त्यांचाच एक विद्यार्थी बसला. नावाचं पहिलं अक्षर सरांचंच. त्यानं ते दाबलं, ब्राउझरनं सरांचं नाव आणि पासवर्ड स्वतःच भरला आणि सरांची मेल उघडली. सरांनी अमेरिकेतल्या मेहुण्याला लिहिलं होतं, ‘काहीही करून चिरंजीवांचं तिकडे जमवा. इथे काही राहिलेलं नाही.’

तेवढ्यात सर आत आले. पोरगा उठला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, “सर, जमलं तर आमचं पण बघा ना!”

सर पुन्हा आले नाहीत. आमचं एक कायमचं गिऱ्हाईक गेलं आणि त्याचा दोष आबांनी पाच नंबरवर टाकला.

*

नानांचं आवडतं फीचर वेगळंच. एकदा उघडलेली पानं ब्राउझर साठवून ठेवतो आणि फोन न जोडताही पुन्हा दाखवतो. मी सांगितलं, त्यात नवीन काही दिसत नाही, जुनंच दिसतं.

“म्हणजे कालचा माल,” नाना म्हणाले. केळीवाला माणूस! खडूनं पाटीवर लिहिलं: ‘ताजं इंटरनेट – पूर्ण भाव. कालचं – निम्मा.’

मी म्हटलं, “नाना, लोक हसतील.”

संध्याकाळी चाळीसगावचा एक बाप पोराला घेऊन आला. पाटी वाचली आणि म्हणाला, “कालचंच दाखवा. त्याला नुसतं बघायचंय.”

*

आखाजी आठवड्यावर आली आणि आबा धुळ्याहून एक शेठ घेऊन आले. शेठचा तिकडे कॉम्प्युटर क्लास. कॉम्प्युटरचा सौदा जवळजवळ ठरलेला. माझी बॅग भरल्यातच जमा.

त्या दिवशी गाड्यांची घाई म्हणून आबांनी फोनची वायर मोडेममधून उपटून पुढे नेली होती. नानांनी मशीन ‘कालच्या’वर चालू ठेवलेलं. शेठ बसले. एक पान उघडलं, झटकन दुसरं, तिसरं.

“लई फास्ट आहे!” शेठ टेबलाखाली वाकले. मोडेम मोकळा पडलेला. “अहो, ह्याला वायरच नाही! मग इंटरनेट येतंय कुठून?”

नाना छताकडे बघायला लागले. आबासुद्धा वाकले. सेंटर उघडल्यापासून पहिल्यांदा.

शेठ उठले आणि हळूच म्हणाले, “आबा, भाव वाढवून देतो. आजच उचलतो.”

मला राहवेना. धुळ्याला जावं लागलं तरी चालेल, पण हा बावळटपणा नको. म्हटलं, “शेठ, ते साठवलेलं आहे. कालचं. नवीन काही दिसणार नाही.”

आबा गर्रकन वळले. “तू चूप बस! तुले इतलं समजस, तं कॉलेज सोडीसन कसाले पळी उना?”

शेठनं मान डोलावली आणि भाव आणखी वाढवला.

आबांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला. “आते तं इकनंच नही.” मग मला म्हणाले, “आनि ती फोननी वायर आते पुढेच ऱ्हाऊ दे. तुमले ती कसाले लागस?”