आमिनाचं अर्धं बोलणं

पिंपळवंडीत नवरीला चुडा भरायचा म्हटलं की जुन्नरच्या आमिनालाच बोलावणं जायचं. तीस वर्षांत तिच्या हातून चुड्यातली एकही बांगडी फुटली नव्हती, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची. सांगायची म्हणजे सुरुवात करायची. मध्येच कुणाची तरी सासू आठवायची आणि वाक्य तिथंच राहायचं. एक वाक्य धड पुरं करील तर शपथ.

यंदा नवरी श्रेयाच्या चुड्याला आमिनाची नात अलिझा सोबत आली. कॉलेजसाठी तिला कुणाचं तरी रोजचं बोलणं रेकॉर्ड करून न्यायचं होतं. तिनं मोबाइल बांगड्यांच्या पेटीवर ठेवला. "दादी, नेहमीसारखंच बोल."

पण नातीची मान खाली जायला नको, म्हणून आमिना टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलू लागली. "तुझे शिक्षण किती झाले आहे?"

"बीएस्सी," एवढंच म्हणून श्रेया हाताकडे बघत बसली. हात ताठ झाला. हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडकली. चुड्यातली बांगडी फुटणं म्हणजे अपशकुन. आमिनाच्या तोंडचं पाणी पळालं.

तिनं मोबाइलकडे पाठ फिरवली. "अगं, तुझी ती... ही गं, आळे गावची... काय बाई नाव तिचं... तिच्या लग्नात, म्हंजे मी व्हते ना तिथं, तर नवरदेव... थांब, आदी घोड्याचं सांगते..."

"घोड्याचं काय?" श्रेया पुढं झुकली. तोवर चार बांगड्या मनगटात गेल्या होत्या. दोन्ही हात भरून झाले, तरी घोडा काही मांडवात पोचला नाही.

परतताना एसटीत आमिना हळूच म्हणाली, "ते नको दिऊ कॉलेजात. हसतील तुला."

"पण दादी, तू बोलणं पुरं का करत नाहीस?"

एवढी शिकलेली पोर आणि हे कळू नये? "पुरं केलं की पोरगी हाताकडं बघती. बघितलं की हात आवळती. मंग बांगडी जाती व्हय आत?"

आठ दिवसांनी पुण्याहून अलिझाचा फोन आला. तिच्या सरांनी वर्गात रेकॉर्डिंग ऐकवलं होतं.

"हसली का पोरं?" आमिनानं विचारलं.

"हसली. सरही म्हणाले, आजी फार अडखळतात."

आमिनाचा जीव एवढासा झाला. "मंग तू काय म्हनलीस?"

"उभी राहिले आणि म्हटलं, सर, माझी दादी अडखळत नाही. ती बांगड्या भरतेय."