सुजाता बसून राहिली

मित्राची मुलगी परदेशात खासदार झाली की किस्से शोधावे लागत नाहीत, ते घर विचारत येतात. पनवेलच्या वडाळे तलावाला सकाळची फेरी मारून चहाला बसणारे आम्ही चौघं: भूगोल शिकवून निवृत्त झालेले म्हात्रे सर, बाजारात हार्डवेअरचं दुकान असलेले मुकादमचाचा, सैन्यातून परतलेले सुभेदार पाटील आणि मी. सरांची सुजाता इंग्लंडमध्ये निवडून आली आणि आमच्या टेबलाला विषयांची ददात उरली नाही.

* * *

सुकापूरला सरांच्या बिल्डिंगखाली 'आपल्या लाडक्या खासदार' असा बॅनर लागला. दुसऱ्याच दिवशी तळोज्याचे दोन गृहस्थ कारखान्यांच्या वासाची तक्रार घेऊन सरांच्या दारात हजर. सर भिडस्त. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, फोटो काढून लेकीला पाठवला.

तिचं उत्तर आलं, "बाबा, शाळेत भूगोल तुम्हीच शिकवायचात ना?"

* * *

मग आखातात लढाई पेटली आणि तिकडे सैन्य पाठवायचं की नाही, यावर सुजाताच्या संसदेत मतदान ठरलं. मुकादमचाचांचा इरफान तिथल्याच एका बंदरावर क्रेन चालवतो. चाचांनी सरांना गळ घातली: लेकीला 'नको' म्हणायला सांगा, बॉम्ब काय पासपोर्ट बघून पडतो? पाटलांचं उलट. अडकलेल्यांना बाहेर काढायला सैन्यच लागतं, तिला 'हो' म्हणायला सांगा. दोघंही भांडत होते इरफानसाठीच, त्यामुळे गप्प तरी कुणाला करणार?

सरांनी दोन्ही निरोप पाठवले, एकाखाली एक. तुमचं स्वतःचं मत काय कळवलंत, असं मी विचारलं.

"मी तिला दहावीलासुद्धा उत्तर सांगितलं नव्हतं," सर म्हणाले.

* * *

सुजाताच्या संसदेत मतदानाला बटण नसतं. जागेवरून उठायचं आणि 'हो'च्या नाहीतर 'नाही'च्या दारातून चालत जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरांच्या मोबाइलवर क्लिप पाहिली. सगळे उठले, रांगा लागल्या, आणि हिरव्या बाकावर सुजाता एकटी बसून राहिली. ठराव पास झाला.

फौजेत असं कुणी बसलं तर कोर्ट मार्शल होतं, असं पाटील म्हणाले. चाचा अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सर मोबाइलकडे बघत राहिले. क्लिप कधीच संपली होती.

मोरा बंदरावर सरांची थोरली बहीण मासळी विकते. भाचीची बातमी तिला कळली तेव्हा ती कोळंबी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "बसाया यवढ्या लांब कशाला जाया पायजे? आमी हितं रोज बसतोच की."

* * *

पुढच्या रविवारी सरांच्या सोसायटीची सभा. लिफ्ट दुरुस्तीचा ठराव आला. बाजूने कोण? हात नाही. विरोधात कोण? हात नाही. सेक्रेटरी वैतागला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आम्ही सुजाताताईंबरोबर."

सगळी सभा हसली. सरसुद्धा. लिफ्ट अजून बंद आहे आणि सर चौथ्या मजल्यावर राहतात.

* * *

इरफानचा फोन आठवडाभर लागत नव्हता. त्या आठवड्यात चाचा टेबलावर आले नाहीत, मग पाटीलच रोज त्यांच्या दुकानात जाऊन बसायचे. नुसते बसायचे. शेवटी इरफान धडधाकट घरी आला.

थंडीत सुजाता पनवेलला आली. विमानतळावरून येऊन घरी बॅग टाकली आणि थेट चाचांकडे गेली. आम्ही होतोच. चाचींनी शिरखुर्मा दिला, पण वाटी कुणी तोंडाला लावेना. सुजाताच म्हणाली, चाचा, तुम्हाला माझा राग आलाय, मला माहीत आहे.

चाचा म्हणाले, "बेटा, राग नाही. कुठल्या तरी दारातून गेली असतीस तर राग तरी धरता आला असता."

तिने इरफानकडे वळून विचारलं, तू तिथे होतास, तुला काय वाटतं?

इरफानने सांगितलं की इंग्लंडची विमानं आली म्हणून तीन दिवस तळघरात काढले, शेजारच्या खोलीतला एक पोरगा बॉम्बहल्ल्यात गेला. आणि चौथ्या दिवशी त्यांच्याच जहाजाने सगळ्यांना बाहेर काढलं.

एवढं सांगून त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा पाटलांकडे. मग सुजाताला विचारलं, "ताई, त्या बाकावर तुझ्या शेजारी माझ्यापुरती जागा होती का?"