अहिल्याआजीने न दिलेला अंगठा

२०१६ साली वरोरच्या अहिल्याआजीकडे मी पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो. एक्क्याण्णव वर्षांची आजी एकटीच राहायची. लग्न का नाही केलं, असं मी सहज विचारून बसलो. आजीने मला बसायला सांगितलं. मग हळू आवाजात सांगू लागली.

बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये ती सतरा वर्षांची होती. गावातले एक मास्तर इंग्रज सरकारविरुद्ध पत्रकं लिहायचे. सुक्या बोंबलांच्या पाटीत तळाला दडवून अहिल्या ती डहाणूच्या बाजारात पोचवायची. तीन खेपा सुखरूप झाल्या. चौथ्या वेळी बाजाराच्या तोंडाशी पोलीस दिसले. मासळीवाली गल्लीत शिरली की आरोळी देते. ही मान खाली घालून गुपचूप चालत राहिली. चूक तीच झाली.

"काय गं, बोंबील विकायला निघालीस की पुरायला?" एका शिपायाने हटकलं. बाकीचे हसले. त्याने पाटी रस्त्यावर पालथी केली.

चौकीत तिला कोणी मारलं नाही. पत्रकं कोणी दिली, एवढंच फौजदार रोज विचारायचा. बाहेर बूट वाजले की ती कोपऱ्यात सरकायची. शेजारच्या कोठडीत कोणीतरी कण्हत असे. एके दिवशी ते कण्हणं थांबलं. त्या शांततेची तिला जास्त भीती वाटली.

नारळी पौर्णिमेनंतर तिचं लग्न होतं, शेजारच्या गावच्या विष्णूशी. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी फौजदाराने तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. कागद तयार होता, फक्त नावाची जागा कोरी होती. नाव सांगायचं, अंगठा द्यायचा आणि घरी जायचं. नाही तर सहा महिने. तुरुंगात राहिलेली सून आम्हाला नको, असा विष्णूच्या घरचा निरोप वडिलांनी आणला होता. बापाने लेकीपुढे हात जोडले.

"बाय, दे अंगठा. तो तुझा कोण लागतो?"

"त्यालाही घर असंल ना, बा."

कोणी ओढून अंगठा उठवील म्हणून तिने दोन्ही मुठी मांडीखाली दाबल्या आणि तशीच बसून राहिली.

सहा महिन्यांनी सुटली तेव्हा विष्णूचं लग्न होऊन गेलं होतं. पुढे कुठलंही स्थळ आलं नाही. पोलिसांची नजर असलेल्या घरात सोयरीक कोण करणार? बापाने तिला कधी दोष दिला नाही, पण लग्नाचा विषयही पुन्हा काढला नाही. फौजदार मात्र अधूनमधून ओसरीवर येऊन बसायचा आणि तेच विचारायचा. स्वराज्य येईपर्यंत तिला धड झोप लागली नाही.

मास्तर शेवटपर्यंत पकडले गेले नाहीत. त्यांचं नाव काय, असं मी उत्सुकतेने विचारलं.

आजी उठली. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

"तू रोज बाजारातून जातोस," ती म्हणाली. "कोणी दरडावून विचारलं, तर तुला गप्प राहवेल?"

मी पंपाकडे वळलो. तिने नाव सांगितलं नाही.