चौथी होडी

हायरम टटल यांनी आमच्या छपराच्या लाकडी पुलाची तीस वर्षं राखण केली आणि तीस वर्षं बाहेरगावच्या ड्रायव्हरांना शिव्या घातल्या. पुलाचं तोंड साडेनऊ फूट उंच, तशी पाटीही आहे. तरी दर उन्हाळ्यात एखादी उंच गाडी वरची फळी फोडायचीच. हायरम नवी फळी ठोकायचे आणि फुटकी आपल्या दुकानातल्या भिंतीवर टांगायचे, तिच्यावर गाडीचा रंग आणि राज्य रंगवून. पाव घ्यायला आलेला प्रत्येक जण ती वाचून हसायचा. मीही हसले आहे.

मी नदीवर होड्या भाड्याने देते. गेल्या ऑगस्टमध्ये ऐन गर्दीत तळ्यावरच्या माझ्या होड्या आणायला हायरमनी आपला ट्रक काढला. टपावर एकावर एक तीन नेहमीच बसायच्या. चौथी नको, पुलाला लागेल, असं ते म्हणत होते.

"तुम्हीच घाबरलात तर झालंच मग," मी म्हटलं. माणसाला डिवचायची माझी खोडच वाईट. चौथी होडी मी स्वतः बांधली.

फळी मोडल्याचा आवाज मागच्या गाडीत मला ऐकू आला. हायरम उतरले, वर बघत राहिले. चेहरा पांढराफटक.

"लॉर्ना, हे आपल्या दोघांत राहू दे."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर फळी लागली: पांढरी व्हॅन, कनेक्टिकट. तशी व्हॅन त्या सकाळी पुलावरून गेली होती खरी. माझीच गिऱ्हाइकं होती ती.

ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला ते नवरा-बायको पुन्हा आले. दुकानात कॉफी घेताना बाईंनी फळी वाचली आणि सरळ हायरमपाशी आल्या.

"ती व्हॅन आमचीच असणार. आम्हाला कळलंसुद्धा नाही हो. माफ करा."

दुकानात चारपाच माणसं होती. हायरमनी मान खाली घातली. मग कपाटातून रंगाचा डबा काढला, फळी उतरवली, आधीचं खोडलं आणि त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली.

"फळी मी फोडली, बाई. आणि खोटंही मीच लिहिलं."

चौथ्या होडीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ब्रश काउंटरवर ठेवला, अगदी माझ्या हाताशी. मी पाव उचलला आणि बाहेर पडले.

अजूनही पाव तिथूनच आणते. हायरमच्या नावाखाली एका नावापुरती जागा आहे. मला लाज वाटते, आणि तरी मी नुसता पाव घेऊन घरी येते.