मशीनच्या खालच्या कप्प्यातला नारळ

परदेशात गेलेला माणूस आपल्या देशाचा प्रतिनिधी असतो. त्याच्या बोलण्यातून, वागण्यातून आणि पेहरावातून देश जगासमोर उभा राहतो. हे विचार आमच्या मालकांचे आहेत. अंबडच्या कारखान्यात मला निरोप देताना त्यांनी ते माईकवरून मांडले. समोर चाळीस माणसं होती, माईक नसता तरी चाललं असतं. मग पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला, आणि गुच्छ परत घेतला, कारण दुपारी अजून एकाचा सत्कार होता. तीन दिवसांनी देशाचा प्रतिनिधी जर्मनीतल्या एका विमानतळावर फिरत्या पट्ट्यापाशी उभा होता. पट्टा रिकामा फिरत होता. पेहराव बॅगेत होता.

आम्ही बाटल्या गळतात का ते तपासणारी मशीन बनवतो. बाटलीत हवा भरायची, थांबायचं, हवा कमी झाली तर बाटली बाजूला फेकायची. एवढंच काम, पण ते मिनिटाला साठ बाटल्यांचं करायचं असतं. परदेशात गेलेलं हे आमचं पहिलं मशीन. औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते लावून, चालवून दाखवून, 'मान्य' असं पत्र घेऊन यायचं, यासाठी मला पाठवलं होतं. अंतिम तपासणी माझी असते, म्हणून मी.

बॅगेच्या तक्रारीसाठी खिडकीतल्या बाईंनी मला बॅगांच्या चित्रांचा तक्ता दिला आणि आपली ओळखायला सांगितली. मी ओळखली. ओळखीची खूण विचारली, तर हँडलला लाल फीत, असं सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भारतातून?" मी हो म्हटलं. त्यांनी ती खूण लिहूनच घेतली नाही.

त्या दिवशी रविवार होता. आमच्याकडे रविवारी दुकानदार जेवायलाही घरी जात नाही. तिथे मात्र गावात उघडी दिसली ती फक्त नदी. हॉटेलमध्ये माणूस नावाची वस्तू नव्हती. दाराला आकडे दाबायची पाटी होती आणि आकडे माझ्या फोनवर पाठवलेले होते. आपण अजून अंबडमध्येच आहोत, अशा समजुतीत फोन तिथली रेंज पकडत नव्हता. शेवटी कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका म्हाताऱ्यानं स्वतःचा फोन दिला. मी हॉटेलवाल्यांकडून आकडे घेत होतो तेवढा वेळ कुत्रा माझ्या पायावर बसून होता. त्या देशातलं माझं पहिलं स्वागत ते, आणि मनापासून केलेलं.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर मला अडवलं. बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट हवेत. माझे बॅगेत होते. पाहुण्यांसाठी ठेवलेले बूट निघाले, पण सगळ्यात लहान जोड माझ्या पायाला दोन बोटं मोठा. मी चालून दाखवलं. फाटकावरचा मिशीवाला माणूस म्हणाला की हे चालणं नाही, हे पोहणं आहे. दिवसभर मी त्याच्या खोलीत बसलो. खिडकीतून त्यांच्या नव्या इमारतीचा लोखंडी सांगाडा दिसत होता आणि सगळ्यात वरच्या तुळईवर रंगीत फिती बांधलेलं एक लहान झाड. मी विचारलं, तर त्यानं सांगितलं की छताचा सांगाडा पूर्ण झाला की कामगार झाड बांधतात. नाही बांधलं तर? तो जरा विचारात पडला. न बांधल्याचं त्याच्या माहितीत नव्हतं.

मी तिथे झाड बघत बसलो आणि आत त्यांनी माझ्यावाचूनच मशीनचं खोकं उघडलं.

मंगळवारी नवे बूट घालून मी आत गेलो. आधी हात धुतले. मग बूट काढून दुसरे घातले, डोक्याला जाळी, अंगावर पांढरा कोट, पुन्हा हात धुतले. यानंतर कशाला शिवायचं नाही, असं सांगितलं गेलं. सोवळं मी लहानपणापासून ऐकून होतो. आत घेऊन समजावून सांगणारे मात्र हेच पहिले. मग मला बैठकीच्या खोलीत नेलं. टेबलाभोवती पाच माणसं गंभीर चेहऱ्यानं बसली होती आणि मधोमध, पारदर्शक पिशवीत, क्रमांकाची चिठ्ठी लावलेला नारळ होता. लाल फडक्यात गुंडाळलेला, हळदकुंकू लावलेला, शेंडी शाबूत.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या कारखान्यातून मशीन बाहेर पडताना आमचे फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते त्याच्या खालच्या कप्प्यात नारळ ठेवतात. वाटेत नजर लागू नये म्हणून. मशीन पोचलं की तिकडचे लोक सुरू करायच्या आधी खालचा कप्पा उघडतात, नारळ फोडतात, खोबरं वाटतात. पुण्यात, वापीत, हैदराबादेत कोणाला हे सांगावं लागत नाही. माहितीपुस्तिकेत ते नाही, कारण पाणी पिताना तोंड उघडा हेही तिथे लिहिलेलं नाही. जर्मन लोक कप्पा उघडून गोंधळतील, हे चाळीस माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

आणि मी? आमचं घर बौद्ध. देवघर नाही, भिंतीवर दोन तसबिरी आहेत. खंडेनवमीला कारखान्यात पूजा असते तेव्हा मी ड्रॉइंग काढत बसतो. पहिल्या वर्षी यावरून बरीच कुजबुज झाली होती. ती मामांनीच थांबवली. म्हणाले, "साहेब नाय आले तर नाय आले. मशीन तर आलंय ना पूजेला?" त्यानंतर मीही माझ्या बाजूनं ठरवलं की तो नारळ मला दिसत नाही. एकोणीस वर्षं तो मला दिसत नव्हता. अंतिम तपासणीच्या कागदावर 'आतील भाग स्वच्छ' या ओळीसमोर मी दरवेळी सही करत आलो.

गुणवत्ता विभागाच्या प्रमुख बाई साठीच्या आसपासच्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे फळ आहे?"

मी फळ आहे म्हटलं.

"मशीनचा भाग आहे?"

नाही, म्हटलं.

मग त्यांनी माझ्यापुढे सात पानांचा फॉर्म सरकवला. औषधाच्या कारखान्यात केसाळ, अज्ञात, जैविक वस्तू शिरली होती. तिचं मूळ कारण, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि त्या व्यक्तीवर केलेली कारवाई, हे भरल्याशिवाय मशीनला वीज जोडली जाणार नव्हती. मुदत दुपारी चारपर्यंत.

जेवणाच्या सुट्टीत मालकांचा फोन आला. नारळाचा फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"अहो, नाव टाका आणि मोकळे व्हा," ते म्हणाले. "त्यांना कारवाई दिसली पाहिजे."

"कोणाचं नाव?"

"मामाचं. नारळ तोच ठेवतो ना? काढून टाकला म्हणून लिहा. आणि लिहायचं तर खरं लिहू, सोमवारपासून घरी बसवतो त्याला. दोन वर्षांनी बसणारच होता."

देशाच्या प्रतिमेचाही प्रश्न आहे, असं त्यांनी वर जोडलं. यंदाच्या नारळाचे पैसे त्यांच्याच खिशातून आले होते, ही गोष्ट मी त्यांना सांगितली.  मग ते म्हणाले की चार वाजत आलेत. जर्मनीत तेव्हा साडेबाराही वाजले नव्हते.

माझे वडील तहसील कचेरीत शिपाई होते. एकदा एक फाईल हरवली. ती कोणाकोणाच्या टेबलावरून फिरली होती ते सगळ्या कचेरीला माहीत होतं, पण जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात नाव बसलं वडिलांचं. ते बसायला सोपं होतं. पुढे फाईल सापडली, रकाना तसाच राहिला. तेव्हापासून कुठल्याही फॉर्मवर हा रकाना दिसला की तो भरायची मला घाई होत नाही.

जेवण उरकतोय तोच मामांचा फोन आला. निफाडजवळच्या खेड्यातला त्यांचा आवाज फोनवरही ओरडूनच बोलत होता.

"साहेब, मशीन पोचलं का नीट?"

"पोचलं."

"नारळ फोडला का त्यांनी?"

"नाही मामा. पिशवीत घालून ठेवलाय."

"पिशवीत? लय येडी माणसं हायेत. मंग मशीन कसं चालंल?" थोडं थांबून ते खालच्या आवाजात म्हणाले, "हितं कायबाय बोलत्यात. माझं नाव लिवायचं आसंल तर लिवा साहेब, माझं काय नाय. फक्त आधार कार्डावर चुकलंय तसं नका लिवू."

मी म्हटलं, नाव लिहायची जागाच नाही त्यात. खोटं बोलल्याबद्दल दिलगीर वगैरे काही वाटलं नाही.

चारला पाच मिनिटं असताना मी फॉर्म परत दिला. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव होतं. कारवाईचा रकाना मोकळा होता.

बाईंनी वाचलं. "नारळ तुम्ही ठेवला?"

"नाही. पण आतला भाग स्वच्छ आहे अशी सही माझी आहे. नारळ समोर होता आणि मी तो पाहिला नाही, कारण मला तो पाहायचा नव्हता."

"ही तुमची धार्मिक प्रथा आहे?"

"माझी नाही. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही."

बाईंचं पेन थांबलं. बाकीचे चौघे नारळाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघू लागले. मग ज्यानं ठेवला त्याचं नाव का देत नाही, असं बाईंनी विचारलं, आणि ते विचारण्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथूनही तो सांगाडा दिसत होता.

"त्या तुळईवर झाड कोणी बांधलं?"

"कामगारांनी."

"त्यांतला नेमका कोण, त्याचं नाव कुठल्या फॉर्ममध्ये आहे? ते झाड लोखंडाचं नाही. छताला त्याचा उपयोग नाही. पडलं तर कोणाच्या तरी डोक्यात पडेल. तुम्ही नाव लिहून घेतलंत तर मीही देतो."

 एका तरुण इंजिनियरनं तोंडावर हात धरला. बाईंनी झाडाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं आता मशीन खोक्यात परत जाणार आणि त्याच्यासोबत मीही. पण त्या म्हणाल्या की झाड बांधण्याची परवानगी असते, आणि सांगाड्यावर छत घालण्याआधी ते उतरवतात, त्याची नोंदही होते. तुमच्याकडे नारळ उतरवण्याची नोंद होते का?

होत नाही, असं मी कबूल केलं.

"मग मूळ कारण ते," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं फॉर्ममध्ये तसं लिहिलं. रकान्यातलं माझं नाव राहू दिलं. कारवाई म्हणून एक नवी ओळ ठरली. बुधवारी मशीनला वीज जोडली. गुरुवारी 'मान्य' असं पत्र मिळालं. बॅग शुक्रवारी आली, मी परत निघताना.

मालकांनी पत्र फ्रेम करून दारापाशी लावलं. आता आमच्या पाठवणीच्या तपासणी यादीत चौदावी ओळ आहे: 'पूजेनंतर नारळ काढला, होय/नाही.' त्यासमोर सही मामांची लागते, कारण नारळाच्या बाबतीत अधिकृत माणूस तेच. निवृत्तीनंतरही याच सहीसाठी त्यांना आठवड्यातून दोन दिवस बोलवायचं ठरलंय. पूजा चालू आहे. मी ड्रॉइंग काढत बसतो.

मागच्या महिन्यात घाईत ती ओळ भरायची राहिली. खिळे ठोकून बंद केलेलं खोकं पुन्हा उघडावं लागलं. आत नारळ नव्हता. उघडून परत बंद करायला अडीच तास लागले.